चिलटाच्या पंखांतील बल

कीटक उडतात हें लहान मुलासही ठाऊक; तरी १९३४ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान मान्यां यांनीं हवेच्या विरोधाचे नियम लावून त्यांचें उड्डाण अशक्य ठरविलें. दोष कीटकांचा नव्हता. स्थिर पंखाचें गणित फडफडत्या पंखास लावण्याचा होता. परंतु सेकंदास सुमारें २०० वेळां हालणाऱ्या चिलटाच्या पंखावरील बल मोजावें कसें? १९९९ सालीं अमेरिकेंत बर्कली येथें मायकेल डिकिन्सन व सहकाऱ्यांनीं त्या पंखाची मोठी प्रतिकृति खनिज तेलांत संथपणें हालवून तें मोजलें. दाट तेल मोठ्या पंखाभोंवतीं तसेंच वाहतें, जशी हवा चिमुकल्या पंखाभोंवतीं. तेव्हां दिसलें कीं, फटक्याच्या अखेरीस उलटतांना व स्वतःच उठविलेल्या भोंवऱ्यांतून परततांना पंखास जादा बल लाभतें. चिलट उडतच होतें. मोजणारा मागें राहिला होता.