दोन लेखनिक आणि एक मत



'क्लार्क' हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें कचेरींतील कारकून उभा राहतो; फायलींचा ढीग, दौत-लेखणी आणि साहेबाची घंटा. अमेरिकेंतील 'लॉ क्लार्क' मात्र अगदीं निराळा. तेथें कायद्याचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो. उन्हाळ्याच्या सुटींत विद्यार्थी एखाद्या वकिलाच्या अथवा संस्थेच्या कचेरींत उमेदवारी करतात, जुने निवाडे धुंडाळतात, निरनिराळ्या राज्यांचे कायदे ताडून पाहतात, विधिमंडळापुढें मांडावयाच्या निवेदनांचे कच्चे खर्डे लिहितात. पदवी हातीं पडल्यावर त्यांतील निवडक मंडळी एखाद्या न्यायमूर्तीकडे वर्षभर राहतात. तेथील सुप्रीम कोर्टांत प्रत्येक न्यायमूर्तीस असे ४ साहाय्यक मिळतात. आलेल्या अर्जांवर टिपणें करणें आणि निकालपत्राचा पहिला मसुदा लिहिणें हें त्यांचें काम. निकालाखालीं नांव न्यायमूर्तीचें. वाक्यें मात्र पुष्कळदां पंचविशी-तिशींतल्या तरुणांचीं. समलिंगी स्त्रीपुरुषांना नागरिक म्हणून समान हक्क मिळावे यासाठीं त्या देशांत जो झगडा झाला, त्यांत या उमेदवारांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७० च्या मे महिन्यांत मिनिआपोलिस शहरीं जॅक बेकर नांवाचा कायद्याचा विद्यार्थी आपला सोबती मायकेल मॅकॉनेल यास घेऊन विवाहाचा परवाना मागावयास गेला. राज्याच्या कायद्यांत वधूवर भिन्नलिंगीच असावे असें शब्दांनीं कोठें म्हटलेलें नव्हतें, हें या विद्यार्थ्यानें वाचून ठेवलें होतें. परवाना अर्थातच मिळाला नाहीं. मॅकॉनेल हा ग्रंथपाल. विद्यापीठानें देऊं केलेली नोकरीही त्याच्या हातून गेली. गंमत अशी, कीं त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं १९७१ मध्यें बेकर यास आपल्या संघाचा अध्यक्ष निवडलें. दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तेथें १० ऑक्टोबर १९७२ रोजीं न्यायाधीशांनीं एका वाक्यांत तो काढून टाकला. मध्यवर्ती कायद्याचा कांहीं महत्त्वाचा प्रश्नच यांत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. तें एक वाक्य पुढें ४३ वर्षें टिकलें.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें विल्यम थॉम या वकिलानें समलिंगी लोकांचे दावे चालविण्यासाठीं 'लॅम्डा' ही संस्था काढावयाचें ठरविलें. अशा संस्थेस तेथें कोर्टाची परवानगी लागे. पोर्तो रिकन लोकांच्या अशाच एका संस्थेस ती मिळाली होती, म्हणून थॉम यांनीं त्यांचाच अर्ज जवळजवळ जसाच्या तसा उतरविला. तरीही १९७२ मध्यें परवानगी नाकारण्यांत आली. हा हेतु परोपकाराचाही नाहीं आणि धर्मादायाचाही नाहीं, असें कारण देण्यांत आलें. १९७३ मध्यें वरिष्ठ कोर्टानें तो हुकूम फिरविला. म्हणजे संस्थेनें पहिला खटला लढविला तो स्वतःच्या जन्माचा! पुढें अशा संस्थांतून उन्हाळी उमेदवारीची पद्धति रुळली.

आतां मुख्य खटल्याकडे वळूं. १९८२ च्या ऑगस्टमध्यें अॅटलांटा शहरीं एक पोलीस शिपाई मायकेल हार्डविक याच्या घरांत शिरला, आणि त्याच्याच शयनगृहांत, दुसऱ्या पुरुषासह, त्यानें त्यास पकडलें. जॉर्जिया राज्याच्या कायद्याप्रमाणें या संबंधास २० वर्षांपर्यंत कैद होती. असल्या संबंधांस गुन्हा ठरविणारे कायदे दावा सुप्रीम कोर्टापुढें आला त्या वेळीं २४ राज्यांत होते. ज्यास मुळांत गुन्हेगारच समजावयाचें, त्यास नोकरींतून काढलें, भाड्याचें घर नाकारलें, त्याचें मूल त्याच्या ताब्यांत दिलें नाहीं, तर त्यानें दाद कोठें मागावी?

१९८६ च्या वसंतांत नऊ न्यायमूर्तींपैकीं चार एकीकडे आणि चार दुसरीकडे झुकले. तराजूचा कांटा लुइस पॉवेल यांच्या हातीं आला. व्हर्जिनियाचे हे गृहस्थ ७८ वर्षांचे, सौम्य आणि आदबशीर. त्यांचें मन ठरेना. तेव्हां आपल्या चार साहाय्यकांपैकीं एकापाशीं त्यांनीं हा विषय काढला आणि बोलतां बोलतां म्हणाले, कीं आपण आयुष्यांत समलिंगी माणूस कधीं पाहिलाच नाहीं. ज्याच्याशीं हें बोलणें चाललें होतें तो तरुण स्वतःच समलिंगी होता. आपण पाहिले असतील, आपल्याला कळलें नसेल, अशा अर्थाचें कांहींसें तो बोलला. स्वतःविषयीं सांगावें कीं काय, याचा त्यानें विचार केला, आणि तो गप्प राहिला. पॉवेल यांनीं खाजगी बैठकींत आधीं हार्डविकच्या बाजूनें मत दिलें व थोड्याच दिवसांत तें फिरविलें. ३० जून १९८६ रोजीं ५ विरुद्ध ४ मतांनीं जॉर्जियाचा कायदा कायम झाला.

त्या तरुणास दोष देणारे पुष्कळ निघाले. मला तें पटत नाहीं. ज्याच्या एका शिफारसपत्रावर सारा जन्म अवलंबून, त्याच्यापुढें तोंड उघडणें सोपें नसतें. आणि वर्गांत मागें गप्प बसलेलें मूल नेहमींच धडा न येणारें नसतें, हें कोणाही शिक्षकास ठाऊक आहे. तो बोलता तर मत फिरलें नसतें असेंही कोणी म्हणेल. पण देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या सज्जनाची माहितीच चुकीची होती, आणि ती दुरुस्त करणारा माणूस त्याच्याच दालनांत काम करीत होता, एवढें तरी खरेंच.

त्याच वर्षीं त्याच इमारतींत न्यायमूर्ति ब्लॅकमन यांच्याकडे पामेला कार्लन नांवाची तरुणी उमेदवारी करीत होती. ब्लॅकमन विरुद्ध मताचे. त्यांच्या भिन्न निकालपत्राचें पुष्कळसें लेखन तिनें केलें, हें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें.

१९९० मध्यें, निवृत्त झालेले पॉवेल न्यूयॉर्क येथें कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढें बोलले. त्या मतांत आपली बहुधा चूक झाली, अशी कबुली त्यांनीं दिली. तोंपर्यंत त्यांच्या मताची किंमत उरलेली नव्हती. २६ जून २००३ रोजीं सुप्रीम कोर्टानें आपलाच १९८६ चा निकाल रद्द ठरविला. तो दिला तेव्हांही चूकच होता, असें कोर्टानें स्वच्छ म्हटलें. २००९ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेंतील कलम ३७७ वर निकाल देतांना या अमेरिकन निवाड्याचा आधार घेतला. तो दिल्लीचा निकाल २०१३ मध्यें उलटला आणि त्यांतील तत्त्व २०१८ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें पुनः मान्य केलें, हें आपणांस ठाऊकच आहे. बेकर याच्या दाव्यावरील तें एक वाक्यही २०१५ मध्यें अमेरिकेंत पुसलें गेलें.

राहिला नोकरीचा प्रश्न. समलिंगी अथवा पारलिंगी म्हणून कोणास कामावरून काढतां येईल काय? ८ ऑक्टोबर २०१९ रोजीं सुप्रीम कोर्टापुढें हा वाद आला, तेव्हां काढून टाकलेल्या समलिंगी नोकरांच्या वतीनें उभ्या राहिल्या त्या पामेला कार्लन, आतां कायद्याच्या प्राध्यापिका. १५ जून २०२० रोजीं ६ विरुद्ध ३ मतांनीं त्या जिंकल्या. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानेंच असें काढून टाकणें बेकायदा ठरतें, असा तो निकाल. निकालपत्र लिहिलें न्यायमूर्ति नील गॉर्सच यांनीं. १९९३-९४ सालीं तेही याच कोर्टांत साहाय्यक होते: २००३ चा निकाल लिहिणाऱ्या केनेडी यांच्याकडे, आणि ज्यांनीं हार्डविकविरुद्धचें निकालपत्र लिहिलें त्या बायरन व्हाइट यांच्याकडे.