मूळ रंगातली मोटार : महाराष्ट्रातील जुन्या वाहनांच्या जतनाचा इतिहास

कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही पूर्ण उकलून नव्याने न बांधलेली, अंगावर बहुतांशी मूळचाच रंग, मूळचे कातडे आणि मूळचे लाकूड टिकवून असलेली मोटार आज फार दुर्मीळ आहे. अशी मोटार चालती करायची, पण नवी करायची नाही, हा जुन्या वाहनांच्या छंदातला सर्वांत अवघड प्रकार आहे. इंजिन, ब्रेक, चाके आणि वायरिंग विश्वासाने वापरता येतील इतपत दुरुस्त होतात. पत्रा, रंग, बैठका आणि काटे-घड्याळे मात्र जशीच्या तशी राहतात. फिकटलेला रंग, चालकाच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, दाराच्या आत ठोकलेली विक्रेत्याची पितळी पट्टी, वेगवेगळ्या काळात बसवलेले वेगवेगळ्या आट्यांचे स्क्रू हा त्या गाडीचा लिहून ठेवलेला इतिहासच असतो. रंग एकदा खरवडला की तो परत मिळत नाही.

जुन्या मोटारी चालवण्याचा छंद ब्रिटनमध्ये रुजला. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी वेगमर्यादा सैल झाल्याच्या आनंदात लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची फेरी निघाली होती. १९२७ साली त्या फेरीचे पुनरुज्जीवन झाले आणि १९०५ पूर्वीच्या गाड्या दरवर्षी त्या वाटेने धावू लागल्या. १९३० साली व्हेटरन कार क्लब निघाला, १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. १९१९ ते १९३० या काळातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणण्याची पद्धत याच वर्तुळात पडली. जगभरच्या क्लबांचा महासंघ, फिवा, १९६६ साली स्थापन झाला.

सुरुवातीच्या पिढ्यांचा ओढा गाडी चकचकीत करण्याकडे होता. स्पर्धांत बक्षिसे आरशासारख्या रंगाला आणि क्रोमला मिळत, त्यामुळे कारखान्यातून निघताना नव्हती इतकी झळाळी गाड्यांना चढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मत पालटले. अमेरिकेतील मोठ्या प्रदर्शनांत न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळे वर्ग आले आणि २०१२ साली फिवाने मान्य केलेल्या तुरीन सनदेने इमारतींच्या जतनाची तत्त्वे मोटारींनाही लावली : शक्य तितका कमी हस्तक्षेप, प्रत्येक बदलाची नोंद, आणि गाडीचा वापर चालू ठेवणे.

महाराष्ट्रात मोटार १८९८ च्या सुमारास मुंबईत उतरली. पहिल्या काही मालकांत जमशेटजी टाटा होते. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे तेच टाटा. दशकभर मोटार हे शहरातल्या श्रीमंतांचे कौतुक राहिले. ती सह्याद्रीच्या घाटांत टिकेल का, हा प्रश्न १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीने निकाली काढला. सुमारे ६२० मैलांच्या आणि अनेक घाट चढणाऱ्या त्या शर्यतीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जिंकली आणि लगोलग ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदी संस्थानांत रोल्स-रॉइसचे नाव ज्या घटनांनी पसरले, त्यांत ही चाचणी अग्रभागी आहे. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली आणि मोटारवाल्यांना स्वतःची संस्था मिळाली.

त्याच १९०८ साली विदर्भात वेगळेच चाक फिरू लागले होते. बंगाल नागपूर रेल्वेचा नागपूर-नागभीड हा अडीच फुटी अरुंद रुळांचा मार्ग उमरेडवरून जाऊ लागला. नागपूरच्या आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवरचे उमरेड हे कोष्ट्यांचे, हातमागाच्या कापडाचे आणि मिरचीच्या व्यापाराचे गाव. त्याचा नागपूरशी संबंध पुढची शंभराहून अधिक वर्षे या छोट्या गाडीनेही टिकवून धरला. रुंदीकरणासाठी हा मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला. अशा तालुक्याच्या गावांत मोटार उशिरा आली आणि तिला काळ्या मातीशी झगडावे लागले. पावसाळ्यात कच्ची सडक चिखलाने भरली की बुटक्या विलायती गाड्या पोटावर टेकत. म्हणून उंच चाकांच्या आणि दणकट पाट्यांच्या अमेरिकन फोर्ड व शेवरले गाड्या आडगावांत पसंत केल्या गेल्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघालेली फोर्ड मॉडेल टी अशाच सडकांसाठी आखली होती. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि शेवरले अधिक सुलभ झाली. पुष्कळदा नुसती चासी विकत घेतली जाई. तिच्यावर बस किंवा मालमोटारीची बॉडी स्थानिक सुतार चढवत, आणि विदर्भात त्यासाठी चंद्रपूरकडचा सागवान हाताशी होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. तेव्हा मागे कोळशाची भट्टी जोडून तिच्या वायूवर गाड्या चालवण्यात आल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने विकलेल्या जीपगाड्या शेतकरी, ठेकेदार आणि पुढाऱ्यांच्या दारी आल्या. त्यानंतर जे घडले त्याने इथल्या जुन्या मोटारींचे भवितव्य ठरले. देशात गाडी बनवण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना सरकारने १९५३ साली बाहेरची वाट दाखवली; जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ पर्यंत गेल्या. वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड एवढेच मोटार-निर्माते प्रामुख्याने उरले. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि परदेशी सुटे भाग येत नसत. म्हणून दुसऱ्या देशांत जी मोटार दहा वर्षांत भंगारात गेली असती, ती महाराष्ट्रात तीस-चाळीस वर्षे चालली.

ती चालवली मिस्त्र्यांनी. फुटलेला ब्लॉक सांधला, झिजलेल्या सिलिंडरला लायनर ठोकला, बुश लेथवर घडवला, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतून तो हाताने घासून बसवला. कुजलेल्या विलायती लाकडाच्या जागी सागवान आला. पाश्चात्त्य संग्राहक ज्याला अस्पर्शित म्हणतात तशी गाडी या देशात जवळजवळ सापडत नाही, कारण ती चालू राहण्याची किंमतच हा स्पर्श होता. इथे जतनाचा निकष म्हणूनच वेगळा असायला हवा. १९५० साली लेथवर घडलेला पितळी बुश हा त्या गाडीच्या आयुष्याचा खरा भाग आहे. आज परदेशातून मागवलेला नवाकोरा सुटा भाग तितका खरा ठरत नाही. मिस्त्र्याचे काम उपटून कारखान्याची प्रतिकृती बसवणे म्हणजे गाडीच्या अर्ध्या आयुष्यावर पाणी सोडणे होय.

संस्थानिकांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्या कमी चालल्या आणि पागेत उभ्या राहिल्या. १९७१ साली तनखे बंद झाल्यावर अनेक मोटारी मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या आणि कितीतरी परदेशी गेल्या. पुढे १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या व त्यांच्या भागांच्या निर्यातीवर निर्बंध आले. काही गाड्या मात्र आपल्या जागी टिकल्या आणि वापरातही राहिल्या. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती आजही जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. वर्षातून एकदा का होईना, ठरल्या दिवशी गाडी सुरू होणे हे कोणत्याही काचेच्या कपाटापेक्षा भक्कम संरक्षण आहे, कारण त्या दिवसासाठी कोणाला तरी तिची निगा राखावीच लागते.

छंद म्हणून जुन्या गाड्या एकत्र आणण्याची सुरुवात देशात १९६४ साली दिल्लीत ‘द स्टेट्समन’च्या रॅलीने झाली. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने ती परंपरा चालवली. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी शंभराहून अधिक गाड्या जमवल्या आणि अहमदाबादजवळ कठवाडा येथे त्यांचे संग्रहालय उभारले. २००८ साली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कार्तिएची पहिली भारतीय कॉन्कूर, म्हणजे निवडक जुन्या गाड्यांची परीक्षकांसमोरची स्पर्धा, भरली आणि परदेशी परीक्षकांनी इथल्या गाड्या जवळून तपासल्या. त्यानंतरच्या वर्षांत अस्सलपणा या शब्दाला संग्राहकांत वजन आले.

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी चालती करण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यात घाई हा सर्वांत मोठा शत्रू आहे. बॅटरी जोडून किल्ली फिरवण्याचा मोह आवरला पाहिजे. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतात आणि काही दिवस मुरू देतात. मग हँडलने इंजिन हलके हलके फिरवून पाहतात. जाम झालेल्या पिस्टनवर जोर केला तर रिंग तुटतात. टाकीत साठलेला पेट्रोलचा डिंक आणि गंज धुऊन काढतात. कार्बोरेटर, पॉइंट आणि जुने कापडी आवरणाचे वायरिंग एकेक तपासले जाते. आगीचा सर्वांत मोठा धोका याच वायरिंगपासून. शेवटी ब्रेक आणि टायर, आणि या दोन गोष्टींत मूळपणाचा हट्ट कोणी धरू नये. तडकलेला टायर जपून ठेवावा आणि चालवण्यासाठी नवा घालावा.

विदर्भाचे हवामान या कामाला स्वतःचे नियम घालते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उमरेडचा उन्हाळाही त्याच जातीचा. अशा कोरड्या उष्णतेत लाकडी आऱ्यांची चाके आकसतात, सांधे ढिले होतात आणि चाक कुरकुरू लागते. बैलगाडीची चाके पाण्यात भिजवण्याची रीत इथे जुनी आहे, पण मोटारीच्या चाकाला पाणी तात्पुरतेच फुगवते आणि पुढे लाकूड कुजवते. आऱ्यांना जवसाचे तेल पाजणे हा अधिक टिकाऊ उपाय, आणि जवस तर विदर्भाच्याच शेतांतला. कातडे उन्हात तडकते, म्हणून गाडी सावलीत पण हवेशीर जागी ठेवतात. ताडपत्रीने गच्च झाकलेल्या गाडीत पावसाळ्याची दमट हवा कोंडते आणि पत्रा आतून गंजतो. वाळवी गाडीच्या तळाच्या फळीतून वर चढते. सागवान तिला बराच काळ दाद देत नाही. उन्हाळ्यात दुपारी चालवताना पेट्रोलच्या नळीतच वाफ धरते आणि इंजिन बंद पडते. त्यामुळे इथे जुनी गाडी बाहेर काढण्याचा काळ कोजागिरीपासून होळीपर्यंतचा, आणि वेळ सकाळची.

चालवणे ही जतनाइतकीच शिकण्याची गोष्ट आहे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते. जुन्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाचा वेग जुळवून गिअर टाकावा लागतो. मॉडेल टीमध्ये तर अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर आहे, आणि पायाखालची तीन पेडले गिअर, रिव्हर्स व ब्रेक यांची. तारा आणि दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक उशिरा लागतात. नागपूर-उमरेड-नागभीड हा आता राष्ट्रीय महामार्ग ३५३ डी आहे. जड वाहतुकीच्या अशा रस्त्यावर जुन्या गाडीला पुढच्या वाहनापासून दुप्पट-तिप्पट अंतर सोडावे लागते. चालकाने त्या अंतराची सवय लावून घेतली की गाडीही सुखाने चालते.

आजच्या इंधनाने नवी अडचण आणली आहे. देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते, कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप विरघळवते आणि ओलावा धरून टाकी गंजवते. गाडी उभी करण्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे आणि आतल्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालणे हे न दिसणारे बदल आता टाळता येत नाहीत.

कायद्याने या छंदाची दखल २०२१ साली घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते; आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. ५० वर्षांची अट दरवर्षी पुढे सरकत असल्याने हा मान आता राजवाड्यांपुरता राहिलेला नाही. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आले, म्हणजे मध्यमवर्गाची पहिली गाडीही या यादीत शिरू लागली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ज्यांच्याकडे घरगुती पद्मिनी मूळ रंगात उभी आहे, त्यांनी ती रंगवण्याआधी थांबावे.

नियमातली सर्वांत महत्त्वाची अट मूळ रूपाची आहे : चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. न रंगवलेल्या, न उकललेल्या गाडीच्या बाजूने कायदा इतक्या स्पष्टपणे उभा राहिला हे चांगलेच झाले. मात्र १९७३ नंतर तेल महागले तेव्हा कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले, आणि त्यामुळेच त्या भंगारापासून वाचल्या. अशा गाड्या या व्याख्येत बसत नाहीत. मूळ इंजिन शोधून परत घालणे हा त्यांच्यापुढचा एक मार्ग. तो जमला नाही तर गाडी आहे तशीच ठेवून तिची पूर्ण नोंद, कोणत्या साली, कोणत्या गॅरेजमध्ये, कोणते इंजिन बसवले याच्या बिलांसह आणि छायाचित्रांसह, जपणे हा दुसरा.