पीसीओएस आणि चयापचय : निदानाच्या इतिहासातील एक विसरलेला दुवा

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात पीसीओएस या विकाराची चर्चा सामान्यतः अनियमित मासिक पाळी व वंध्यत्व यांच्या संदर्भात होते. मधुमेहाशी असलेले त्याचे नाते हा अलीकडचा शोध आहे, असा समज आहे. इतिहास पाहता तो खरा ठरत नाही.

इटालियन वैद्य अंतोनिओ व्हालिस्नेरी याने १७२१ मध्ये एका निपुत्रिक शेतकरी स्त्रीच्या कबुतराच्या अंड्याएवढ्या, चकाकणाऱ्या अंडाशयांची नोंद केली. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२१ मध्ये, एमिल आशार व जोसेफ तिएर या फ्रेंच वैद्यांनी ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ वर्णिला. आज हे नाव क्रूर वाटते. परंतु चेहऱ्यावरील पुरुषी केस आणि शर्करेचा बिघाड एकाच रुग्णेत का आढळतात, हा प्रश्न त्यात होता. इन्सुलिनचा शोधही त्याच वर्षी टोरोंटोत लागला, हा योगायोगच.

१९३५ मध्ये शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना गर्भधारणा झाली. या यशाने विकाराची ओळखच ठरवून टाकली. शल्यचिकित्सकाला जे अवयवात दिसले तेच नावात आले. वस्तुतः त्या ‘गाठी’ वाढ खुंटलेली बीजपुटके असतात. रक्तातील शर्करेचा प्रश्न मात्र बाजूला पडला. अर्थात, त्या काळी रक्तातील इन्सुलिन नेमके मोजण्याचे साधनही नव्हते. ते रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीमुळे १९६० च्या सुमारास हाती आले.

१९८० मध्ये बर्घेन, गिव्हन्स व किताबची यांनी अशा स्त्रियांत इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरके यांची पातळी परस्परांशी निगडित असल्याचे दाखवले. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अधिक पुरुषी संप्रेरके निर्माण करण्यास प्रवृत्त करते. शिवाय ही संप्रेरके बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही घटवते. १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ व सहकाऱ्यांनी सडपातळ रुग्णांतही इन्सुलिनरोध असल्याचे सिद्ध केले. त्यामुळे ‘वजन वाढले म्हणून हे झाले’ हे सोपे उत्तर अपुरे ठरले. मानेवरील काळसर, जाड त्वचा हे इन्सुलिनरोधाचे एक बाह्य चिन्ह होय. मळ समजून ती घासली जाते, ही गोष्ट वेगळी.

तरीही १९९० चे अमेरिकन निकष आणि २००३ चे रॉटरडॅम निकष यांपैकी कशातही इन्सुलिनरोधाला स्थान मिळाले नाही. त्याचे मापन दवाखान्यात कठीण, हे त्यामागील एक व्यावहारिक कारण. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने हे नावच दिशाभूल करणारे असून ते बदलावे, अशी शिफारस केली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदान होताच, वय वा वजन काहीही असले तरी, रक्तशर्करेची तपासणी करावयाची असून ती दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावयाची आहे.