तळाशी ठेवलेली घंटा

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर हे नावाने सरोवर असले, तरी स्वभावाने समुद्रच. 10 नोव्हेंबर 1975 रोजी सायंकाळी तेथील भीषण वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे 222 मीटर लांबीचे, लोहखनिज वाहणारे जहाज मदतीची हाक न देताच बुडाले. आपण तग धरून आहोत, एवढेच कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली यांनी मागून येणाऱ्या जहाजाला शेवटचे कळवले होते. जहाजावरील 29 जणांपैकी कोणी वाचले नाही; एकाचाही देह किनाऱ्याला लागला नाही. त्या थंडगार पाण्यात देह कुजून वर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चमध्ये 29 वेळा घंटा वाजली.

दुभंगलेले ते जहाज 162 मीटर खोलीवर विसावले आहे. तेथे दाब पृष्ठभागाच्या सुमारे सतरापट. इतक्या खोलवर साध्या हवेतील नायट्रोजनने गुंगी येते आणि प्राणवायूच विष ठरतो. म्हणून सप्टेंबर 1995 मध्ये टेरेन्स टायसॉल व माइक झी हे पाणबुडे हीलियममिश्रित वायू घेऊन उतरले. जाण्यास सहा मिनिटे, जहाजापाशी सहा मिनिटे आणि परतण्यास तीन तास! घाई केली असती, तर शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन प्राणावर बेतले असते.

त्यांचे साहस थोर खरे; परंतु कोणाच्या तरी पित्याच्या कबरीवर आपण कुतूहलापोटी जावे काय? 1994 साली एका मोहिमेला तेथे एक मृतदेह आढळला, त्याची छायाचित्रे घेतली गेली आणि कुटुंबीयांच्या जखमा पुन्हा उघड्या झाल्या.

त्याच कुटुंबीयांच्या इच्छेवरून 4 जुलै 1995 रोजी, कॅनडाच्या नौदलाच्या साहाय्याने, जहाजाची घंटा वर काढण्यात आली. तिच्या जागी 29 नावे कोरलेली नवी घंटा तळाशी ठेवली गेली. पुढे 2006 साली ऑन्टॅरिओ शासनाने परवान्यावाचून तेथे उतरण्यास बंदी केली. मूळ घंटा व्हाइटफिश पॉइंट येथील संग्रहालयात आहे. दर 10 नोव्हेंबरला ती मृतांच्या नावे 29 वेळा वाजते आणि तिसावा टोल त्या सरोवरांत बुडालेल्या सर्व खलाशांसाठी असतो.

नोव्हेंबरात आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्यांना कबरच लाभली नाही, त्यांच्यासाठी आपण काय करतो? त्या सरोवराकाठच्या लोकांनी एक घंटा वर आणली, एक खाली ठेवली. स्मरण आणि शांती, दोन्हींचा मान त्यांनी राखला.