पडद्यावरचे गाव आणि प्रत्यक्षातले गाव : भारतीय चित्रपटातील चित्रीकरणस्थळांच्या निवडीचा इतिहास

१. प्रस्तावना

‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटातील चरणपूर हे गाव कथेप्रमाणे उत्तर प्रदेशात आहे. पडद्यावर दिसणारा नदीचा घाट मात्र सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवली येथे कृष्णेच्या काठी आहे. नाना फडणवीसांचा वाडा याच घाटाला लागून आहे. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘गंगाजल’मध्ये वाई परिसर बिहार म्हणून दाखवला गेला, तर ‘दबंग’ (२०१०) मध्ये तो पुन्हा उत्तर प्रदेश झाला. कथा गंगेच्या खोऱ्यातली आणि चित्रीकरण कृष्णेच्या खोऱ्यातले, असे का घडते?

दिग्दर्शक कथेला शोभेल अशी जागा शोधतो आणि तेथे चित्रीकरण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जागेची निवड त्या काळचे तंत्र, पैसा, दळणवळण आणि परवानगी यांच्या मर्यादेतच होते. त्यामुळे पडद्यावर दिसणारे स्थळ हे कथेतील प्रदेशाचा पुरावा असेलच असे नाही. चित्रपट ज्या काळात आणि ज्या परिस्थितीत तयार झाला, त्याचा पुरावा मात्र ते नेहमीच असते. चित्रपटाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. या पाठात तो काही उदाहरणांच्या आधारे समजून घेऊ.

२. प्रकाशाची अट : मूकपटाचा काळ

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्या काळची फिल्म फारशी संवेदनशील नव्हती. तिच्यावर चित्र उमटण्यासाठी भरपूर ऊन लागे. म्हणून फाळक्यांनी दादरच्या आपल्या बंगल्याच्या आवारातच नेपथ्य उभारले. राजवाड्याचा प्रसंगसुद्धा सूर्यप्रकाशात चित्रित होत असे. स्थळनिवडीची पहिली कसोटी अशा प्रकारे ‘ऊन किती वेळ मिळेल’ ही होती.

बाह्यचित्रीकरणासाठी त्यांची मंडळी मुंबईहून रेल्वेने जाता येईल अशा वांगणी गावी गेली. फाळक्यांच्या चरित्रांत या मुक्कामातला एक प्रसंग सांगितला जातो. तलवारी आणि भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. शेवटी फाळक्यांनी कॅमेरा दाखवून आपले काम समजावून दिले, तेव्हा सुटका झाली. प्रसंग गमतीचा असला तरी त्यातून एक मुद्दा स्पष्ट होतो. चित्रीकरणाची जागा कधीच रिकामी नसते. तेथे माणसे राहतात आणि त्यांची संमती मिळवावी लागते.

३. ध्वनीची अट : स्टुडिओचे युग

बोलपट आल्यावर कसोटी बदलली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. अर्देशिर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. दिवसा गाड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येई, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर करावे लागले. आतापर्यंत ऊन शोधणाऱ्या चित्रपटाला आता शांतता हवी होती.

या गरजेमुळे बंदिस्त स्टुडिओचे महत्त्व वाढले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. कोलकात्यात न्यू थिएटर्स आणि मुंबईच्या मालाडमध्ये बॉम्बे टॉकीज यांचे स्टुडिओ उभे राहिले. प्रकाश आणि ध्वनी दोन्हींवर नियंत्रण मिळाले. त्याची किंमत अशी, की गाव, रस्ता आणि अंगण आता सुतार आणि रंगारी तयार करू लागले.

४. पुन्हा गावाकडे : ‘पथेर पांचाली’

सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी (१९५५) कोलकात्याजवळचे बोडाल हे गाव निवडले. कादंबरीतील निश्चिंदिपूर काल्पनिक होते. राय यांना तसे घर, तशी वाट आणि तशी झाडे प्रत्यक्षात हवी होती. मात्र गाव शहराच्या जवळ असणे हीसुद्धा अट होती. पैसा अपुरा होता आणि सुरुवातीला काम सुट्टीच्या दिवशीच करता येत होते.

पहिले चित्रीकरण २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काशफुलांच्या माळावर झाले. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तेव्हा गुरांनी फुले खाऊन टाकली होती. उरलेले दृश्य पूर्ण करण्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. स्टुडिओतील कापडी झाड कोणी खात नाही, खरा माळ मात्र ऋतू आणि गुरे यांच्या हिशोबाने चालतो.

खरी जागा हवी म्हणून प्रत्येक दृश्य तेथेच घ्यावे लागते असेही नाही. पुढच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत बांधले गेले. चौकात वरून झिरपणारा मऊ उजेड दाखवण्यासाठी छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि त्यावरून प्रकाश परावर्तित केला. बनारसचे घाट बनारसमध्येच चित्रित झाले. एकाच चित्रपटात अस्सल जागा आणि बांधलेली जागा बेमालूम जोडली गेली.

५. पोहोच आणि खर्च : ‘शोले’चे रामनगर

दरोडेखोरांच्या हिंदी चित्रपटांची ओळख चंबळच्या खोऱ्याशी जोडलेली होती. ‘शोले’साठी (१९७५) वेगळा भूभाग हवा होता. कला दिग्दर्शक राम येडेकर यांच्या शोधातून कर्नाटकातील रामनगरची निवड झाली. मोठमोठ्या ग्रॅनाइट शिळांचे डोंगर, आणि तरीही बंगळुरू–म्हैसूर महामार्ग जवळ, असा दुहेरी फायदा तेथे होता. महामार्गापासून चित्रीकरणाच्या जागेपर्यंत रस्ता तयार करण्यात आला आणि रामगढ हे संपूर्ण गाव उभारण्यात आले. ३ ऑक्टोबर १९७३ रोजी चित्रीकरण सुरू झाले. रेल्वेवरील हल्ल्याचे प्रसंग मात्र पनवेलजवळ चित्रित झाले. पडद्यावर सलग वाटणारा प्रदेश प्रत्यक्षात दोन राज्यांत विखुरलेला होता.

याच परिसरातील डोंगर डेव्हिड लीन यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) मध्ये बिहारच्या बराबर लेण्यांवरून सुचलेल्या गुहांसाठी वापरले. त्यातील रामदेवर बेट्ट हा डोंगर २०१२ पासून गिधाडांचे अभयारण्य आहे. त्या जागेची ही स्वतःची ओळख दोन्ही कथांमध्ये कोठेही नाही.

६. परवानगी, सुरक्षितता आणि शासन

१९६० च्या दशकात रंगीत चित्रपटांसोबत काश्मीर हे हिंदी चित्रपटाचे आवडते स्थळ बनले. ‘काश्मीर की कली’ (१९६४) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९८९ नंतर खोऱ्यात हिंसाचार वाढला आणि चित्रीकरण जवळजवळ थांबले. मणिरत्नम यांच्या ‘रोजा’ची (१९९२) कथा काश्मीरमध्ये घडते, पण बर्फाळ डोंगरांची दृश्ये हिमाचल प्रदेशातील मनाली येथे घेतली गेली. चित्रपटाचा विषय असलेला संघर्षच चित्रीकरणाच्या आड आला होता.

अलीकडे शासन हा घटक अधिक ठळक झाला आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी सुविधा कार्यालय सुरू झाले. अनेक राज्ये अनुदान देऊन निर्मात्यांना बोलावतात. तरीही जुना प्रश्न सुटलेला नाही. ‘पंचायत’ या मालिकेतील फुलेरा हे गाव उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात असल्याचे दाखवले आहे, पण चित्रीकरण मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात झाले. याउलट ‘स्त्री’ (२०१८) या चित्रपटाची कथा चंदेरीत घडते आणि त्याचे चित्रीकरणही चंदेरीत झाले.

७. चित्रपट वाचताना

आता वाईच्या प्रश्नाकडे परत येऊ. वाईला घाट, देवळे आणि वाडे एकत्र मिळतात, आणि मुंबईहून कलाकार, सामान व तंत्रज्ञ रस्त्याने काही तासांत पोहोचतात. निर्मात्याच्या दृष्टीने ही निवड समंजसपणाची आहे. पण तिचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम ज्ञानाचा आहे. बिहारच्या सपाट मैदानातील गावामागे सपाट माथ्याचे सह्याद्रीचे डोंगर दिसतात आणि घाटाचा दगड काळा बेसॉल्ट असतो. ज्याने बिहार पाहिलेला नाही, तो हेच बिहार समजतो. दुसरा परिणाम न्यायाचा आहे. ज्या प्रदेशाची कथा सांगितली जाते, त्याला पडद्यावर स्वतःचा चेहरा मिळत नाही आणि चित्रीकरणातून येणारा रोजगारही मिळत नाही. ज्या गावात चित्रीकरण होते, त्याला रोजगार मिळतो, पण स्वतःचे नाव मिळत नाही.

८. समारोप

फाळक्यांना ऊन हवे होते, इराणींना शांतता, राय यांना शहराजवळचे गाव आणि ‘शोले’च्या निर्मात्यांना रस्त्याजवळचे डोंगर. प्रत्येक निवडीत त्या काळचे तंत्र आणि अर्थकारण उमटले आहे. म्हणून चित्रपटाचा पुरावा म्हणून उपयोग करताना ‘कथा कोठे घडते’ या प्रश्नासोबत ‘चित्रीकरण कोठे झाले आणि तेथेच का’ हा प्रश्न विचारावा. ज्या घाटावर पडद्यावर गंगा वाहते, तेथे कृष्णा आहे हे माहीत असले, तर त्या चित्रपटातून काय शिकायचे आणि काय नाही हे ठरवता येते.

स्वाध्याय

१. मूकपट आणि बोलपट यांच्या स्थळनिवडीतील फरक तांत्रिक कारणांसह स्पष्ट करा.
२. ‘चित्रीकरणाची जागा कधीच रिकामी नसते’ या विधानाची दोन उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
३. आपल्या जिल्ह्यात चित्रित झालेला एखादा चित्रपट निवडा. पडद्यावर त्या जागेला कोणते नाव आणि कोणता प्रदेश दिला आहे, याची नोंद करून त्यामागची संभाव्य कारणे लिहा.