मंगळयानाची तिसरी तारीख

मंगळयानाच्या इतिहासाला दोन तारखा पुरतात असा आपला समज दिसतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत प्रवेश. भाषणे आणि स्पर्धापरीक्षांची टिपणे येथेच थांबतात. तिसरी तारीख, म्हणजे यानाच्या अखेरीची, फारशी कोणी सांगत नाही. आणि सांगायची म्हटली तर ती नेमकी कोणती, हाच प्रश्न पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी तारीख आहे.

पहिल्या दोन तारखांविषयी एक गोष्ट मात्र आधी नोंदवायला हवी. उड्डाणाचा दिवस मंगळवार होता, शिवाय भाऊबीज. कक्षाप्रवेशाची सकाळ भाद्रपद अमावास्येची. म्हणजे ज्या पंधरवड्यात आपल्या उपनगरांत कोणी नव्या फ्लॅटची बोलणीसुद्धा करत नाही, त्या पंधरवड्याचे शेवटचे टोक. पृथ्वी आणि मंगळ यांच्या स्थिती सोयीच्या होण्याचा योग सुमारे सव्वीस महिन्यांनी येतो, आणि तो पंचांगाला विचारून येत नाही. मराठीत तर ‘मंगळ’ हा शब्दच मोठा चमत्कारिक. मंगळसूत्रात आणि मंगळागौरीत तो शुभ, आणि मुलीच्या पत्रिकेत आला की घरातल्यांचे चेहरे उतरतात. इस्रोचे अधिकृत नाव मार्स ऑर्बिटर मिशन असे रुक्ष होते; लोकांनी ‘मंगळयान’ पसंत केले, यात या शब्दाच्या दोन्ही अंगांचा वाटा असावा.

या यानाशी आपल्या परिसराचा संबंध घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या विक्रोळीशी येतो. यान वाहून नेणाऱ्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातील ‘विकास’ इंजिने गोदरेज आणि बॉईसच्या विक्रोळीतील कारखान्यात घडवली जात. असे इंजिन दोन-अडीच मिनिटे जळते आणि आपल्या टप्प्यासह समुद्रात पडते. महिनोन्‌महिन्यांची कारागिरी, आणि आयुष्य लोकलच्या दोन स्थानकांमधील अंतराएवढे. त्याच्या अखेरीची तारीख कोणाला शोधावी लागत नाही, कारण ती उड्डाणाचीच तारीख असते.

यानाचे तसे झाले नाही. सहा महिने चालेल या हिशेबाने ते बांधले होते. चालले सुमारे साडेसात वर्षे. त्याची कक्षा फार लांबट होती : जवळचे टोक मंगळापासून सुमारे ४२१ किलोमीटरवर, दूरचे जवळजवळ ७७ हजार किलोमीटरवर. या दूरच्या टोकामुळेच मंगळाचे संपूर्ण बिंब एका चौकटीत मावणारी छायाचित्रे मिळाली, आणि तेच टोक पुढे घातक ठरले. तेथे यान मंद चाले. मंगळाची सावली आडवी आली तर ती तासन्‌तास हटत नसे. सौर पट्टी निकामी, सगळा भार बॅटरीवर. बॅटरी मात्र एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणापुरती. जानेवारी २०१७ मध्ये असे एक दीर्घ ग्रहण चुकवण्यासाठी कक्षा बदलली गेली. त्यात सुमारे वीस किलो इंधन गेले आणि तेरा किलोच्या आसपास उरले. एप्रिल २०२२ मध्ये ग्रहणांची रांगच लागली. त्यांतील एक साडेसात तासांचे असल्याचे वृत्त होते. त्यानंतर यानाकडून उत्तर आले नाही. इंधन संपले असावे, त्यामुळे सूर्याकडे तोंड ठेवणे यानाला जमले नसावे, असा निष्कर्ष इस्रोने काढला आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन नवरात्रात, मोहीम संपल्याचे निवेदन प्रसिद्ध केले.

साडेचारशे कोटींत मंगळ गाठल्याचा अभिमान आपण मिरवला, तो रास्तही होता. किलोमीटरमागे सात रुपये, अहमदाबादच्या रिक्षाहून स्वस्त, ही तुलना २०१४ मध्ये पंतप्रधानांनी केली आणि ती गाजली. परंतु त्याच काटकसरीत ती छोटी बॅटरी येते, पाचच उपकरणे येतात, आणि मिथेनच्या शोधासाठी नेलेले उपकरण त्या कामाला कमी पडले हेही येते. प्रवेशाची कथा सांगताना हा तपशील वगळता येतो. अखेरीची कथा त्याच्यावाचून सांगताच येत नाही. इतिहासलेखनाच्या दृष्टीने अखेर अधिक प्रामाणिक असते, ती यामुळे.

तर तारीख कोणती? एप्रिलमधील मौनाची, की ऑक्टोबरमधील निवेदनाची? मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटेल असे काही हाती आले नाही, म्हणून पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही आणि पुढे तोतयाचे प्रकरण १७७६ पर्यंत पेशवाईला पुरले. न पाहिलेला मृत्यू जाहीर करायला अधिकार लागतो आणि धैर्यही. एप्रिल ते ऑक्टोबर हे पाच-सहा महिने मला म्हणूनच निवेदनाहून अधिक बोलके वाटतात. या काळात यान होते की नव्हते, याचे उत्तर कोणत्याही क्रियापदाच्या काळात नीट बसत नाही.

अमेरिकेच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मंगळावरील गाडीची मोहीम १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्या शेवटच्या संदेशाचा एका पत्रकाराने केलेला भावानुवाद जगभर तिचे अखेरचे शब्द म्हणून फिरला. यंत्राने ते वाक्य उच्चारलेच नव्हते. त्याने पाठवले होते ते आकडे. मंगळयानाला असा अनुवादक मिळाला नाही. कक्षाप्रवेशाच्या दिवशी त्याच्या ट्विटर खात्यावरून ते प्रथमपुरुषी बोलले होते. अखेर मात्र तृतीयपुरुषी, सरकारी निवेदनातली. याचा खेद वाटावा असे मला वाटत नाही. खोट्या अखेरच्या शब्दांपेक्षा कोरे निवेदन बरे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दोन हजारांच्या नोटेच्या मागील बाजूवर मंगळयानाचे चित्र होते. यानाची अखेर जाहीर झाली तेव्हा ती नोट चलनात होती. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तीही चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. कायदेशीर वैधता मात्र कायम ठेवली.