पोलीस सेवेची चार दारं

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला पोलिसांच्या इतिहासात काय रस? साधं कारण आहे. तत्त्वज्ञान हा यूपीएससीचा एक वैकल्पिक विषय आहे. त्यामुळे नोकरीत असताना कांट समजून घ्यायला म्हणून येणारी आणि प्रत्यक्षात ‘सर, यावर दहा मार्कांचा प्रश्न कसा येतो?’ असं विचारणारी बरीच मुलं मी पाहिली. त्यांतल्या पुष्कळांना आयपीएस व्हायचं असायचं. ती मुलं ज्या दारातून आत जाऊ पाहत होती, ते दार कुणी बांधलं आणि कशासाठी, याचा शोध घ्यावासा वाटला.

सुरुवात १८६१ पासून करू. सत्तावन्नचा उठाव होऊन गेल्यावर १८६० मध्ये सरकारनं आयोग नेमला आणि पुढच्याच वर्षी पोलीस कायदा आला. लोकांचं रक्षण हा हेतू कागदावर होताच, पण खरी गरज होती ती स्वस्तात आणि आज्ञेत राहणाऱ्या दलाची. वरचे अधिकारी सुरुवातीला बरेचसे लष्करातून आणले. पुढं १८९३ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि तिच्यातून असिस्टंट सुपरिंटेंडंट निवडले जाऊ लागले. ही परीक्षा शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंग्रज मुलांसाठी होती. पदवी लागत नसे. आयसीएससाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरं आणि पोलिसात शाळा संपवलेली, अशी सरळ वाटणी होती. जॉर्ज ऑर्वेल या नावानं पुढं जगप्रसिद्ध झालेला एरिक ब्लेअर ईटनची शाळा संपवून १९२२ मध्ये याच परीक्षेला बसला आणि मंडालेच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत दाखल झाला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली होता, म्हणून तिकडे.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वेगळाच आहे. तो म्हणजे अँड्र्यू फ्रेझर यांचा १९०२-०३ चा पोलीस आयोग. त्याच्या अहवालात पोलीस अकार्यक्षम आहेत, भ्रष्ट आहेत, लोकांना त्यांची भीती वाटते, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. सरकारनं स्वतःच्याच खात्याबद्दल असं लिहून घ्यावं, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण यावर उपाय काय सुचवला? शिपायाकडे फक्त यांत्रिक स्वरूपाची कामं ठेवा. पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण. तपास आणि विवेक लागणारी कामं वरच्यांकडे द्या. आणि प्रत्येक पायरीसाठी वेगळी माणसं वेगळ्या दारानं घ्या. शिपाई एका दारानं, फौजदार दुसऱ्या दारानं. हिंदी माणसासाठी डेप्युटी सुपरिंटेंडंट हे नवं पद, ते तिसरं दार. आणि असिस्टंट सुपरिंटेंडंट मात्र लंडनहून, चौथ्या दारानं.

आता आजचा महाराष्ट्र पाहा. शिपायाची भरती जिल्ह्याच्या मैदानावर होते. पीएसआय एमपीएससीतून येतो. डीवायएसपी एमपीएससीच्याच राज्यसेवा परीक्षेतून. एएसपी यूपीएससीतून. दारं तीच, चार. पाट्या तेवढ्या बदलल्या.

प्लेटोनं त्याच्या आदर्श राज्यात सोनं, चांदी आणि लोखंड-पितळ अशी माणसांची प्रतवारी कल्पिली होती. त्यावर आपण टीका करतो आणि ती करायलाच हवी. पण पितळेच्या घरात सोन्याचं मूल निपजलं तर त्याला वर न्यावं, एवढी मोकळीक त्यानं निदान ठेवली होती. फ्रेझरच्या रचनेत ती वाट फार अरुंद होती.

चौथं दार हिंदी माणसाला उघडलं ते पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ मध्ये हिंदुस्थानात परीक्षा सुरू झाली. १९२४ च्या ली आयोगानं दहा जागांपैकी पाच युरोपियनांना, तीन थेट भरतीच्या हिंदी उमेदवारांना आणि दोन बढतीनं, असं प्रमाण सुचवलं. या गतीनं वरच्या पोलीस सेवेत निम्मे हिंदी अधिकारी व्हायला १९४९ साल उजाडणार होतं! इतिहास तितका थांबला नाही, हे आपलं नशीब. १९४७ च्या १५ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस आयुक्ताच्या खुर्चीवर जे. एस. भरुचा हे पहिले भारतीय अधिकारी बसले. आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातून या सेवेत आले होते. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभं करायचं ठरलं तेव्हा ते काम त्यांच्याकडे आलं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रश्न असा होता, की साहेबाची ही सेवा ठेवायची का मोडायची? ज्यांनी लाठ्या चालवल्या, ज्यांनी तुरुंगात टाकलं, त्यांच्यासारखेच अधिकारी पुन्हा तयार करायचे? राग रास्त होता. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४६ मध्ये प्रांतांच्या पंतप्रधानांची बैठक घेऊन प्रशासकीय आणि पोलीस अशा दोन अखिल भारतीय सेवांना मान्यता मिळवली. तीन वर्षांनी, १० ऑक्टोबर १९४९ ला, घटना समितीत ते स्वतः तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्यांपुढं याच अधिकाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. मंत्र्यापुढं आपलं मत निर्भयपणे मांडू शकेल अशी सेवा नसेल तर हा देश एकत्र राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा. फाळणीचा वणवा पाहिलेल्या गृहमंत्र्याचं हे म्हणणं होतं, हे विसरू नका. पुढं राज्यघटनेत ३१२ वं कलम आलं, १९५१ मध्ये अखिल भारतीय सेवा कायदा झाला. प्रशिक्षणाचं कॉलेज १९४८ मध्येच माउंट अबूला सुरू झालं होतं, ते १९७५ मध्ये हैदराबादला गेलं.

पटेलांचा युक्तिवाद मला आजही पटतो. पण त्यात एक गाठ आहे, आणि ती कुणी नीट सोडवलेली नाही. घटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय. अधिकारी निवडतो संघ लोकसेवा आयोग, नेमणूक करतं केंद्र, त्याला नोकरीतून काढायचा अधिकारही केंद्राचाच. पण तो कोणत्या जिल्ह्यात बसणार आणि किती महिने बसणार, हे ठरवतं राज्याचं गृहखातं. म्हणजे नोकरी सुरक्षित, खुर्ची असुरक्षित. आणि माणसाला वाकवायला खुर्ची पुरते, बरं का! प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक १९९६ मध्ये हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल २२ सप्टेंबर २००६ ला लागला. जिल्ह्याच्या अधीक्षकापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा, असे आदेश निघाले. राज्यांनी कायदे केले, पण आदेशाचा जीव जाईल अशा पळवाटाही ठेवल्या.

जाता जाता परीक्षेबद्दल एक गोष्ट सांगतो. १९७९ पर्यंत आयएएस आणि परराष्ट्र सेवेच्या उमेदवारांना वैकल्पिक विषयांचे जास्तीचे पेपर द्यावे लागत, आयपीएसवाल्यांना ते नसत. पोलिसाला विद्वत्ता कमी चालेल, हा लंडनचा जुना हिशेब स्वतंत्र भारतातही तीस वर्षं चालला. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशीवरून परीक्षा एक झाली, तेव्हा तो संपला. किरण बेदी मात्र त्याआधीच, १९७२ मध्ये, पहिल्या महिला आयपीएस अधिकारी म्हणून सेवेत आल्या होत्या.

आज आयपीएस झालेल्या मुलाची गावात मिरवणूक निघते. निघू द्या, कष्ट असतात त्यामागं. पण आपण तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो तेव्हा समोर हवालदार असतो. आपली फिर्याद कशी लिहिली जाईल, आपल्याला बसायला सांगतील की हाकलतील, हे त्याच्या हातात. त्याच्या घडणीवर समाजानं किती विचार केला? प्रशिक्षणार्थी आयपीएस अधिकाऱ्याला मसुरी आणि हैदराबाद झाल्यावर जिल्ह्यात पाठवतात, आणि काही काळ एका पोलीस ठाण्याचा कारभार त्याच्या हाती देतात. तिथं पंचनामा कसा करायचा, स्टेशन डायरीत नोंद कशी करायची, हे त्याला बहुतेक वेळा एखादा जुना हवालदारच शिकवतो. त्या हवालदारानं खात्यांतर्गत परीक्षा दिली तर तो फौजदार होऊ शकतो. ज्याला शिकवलं त्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला मात्र त्याचं आयुष्य पुरत नाही.